तीन नंबरची काच

माझा सायबर कॅफे बंद होणार हे बेनी बाजारात कळलं, तेव्हा लोक असे हळहळायला आले, जणू रोज येत होते. शेवटचं नवं गिऱ्हाईक कधी आलं ते मलासुद्धा आठवत नव्हतं. पासपोर्टचा अर्ज, परीक्षेचा निकाल, परदेशी कामाचा परवाना, सगळं आता ज्याच्या त्याच्या खिशात आलंय. "दुर्पता दिदी, तुझ्याशिवाय बाजार सुना होईल गं," असं म्हणायचे आणि म्हणता म्हणता मोबाइलवर अंगठा फिरवायचे. माझं डोकं फिरायचं. तसं ते लवकर फिरतं, बाजाराला ठाऊक आहे.

सोळा वर्षांपूर्वी या खोलीत पाच कॉम्प्युटर होते, एक भलीमोठी बॅटरी होती आणि भिंतीवर वीज जाण्याचं वेळापत्रक. अर्ध्या बाजाराची फेसबुकची खाती मीच उघडून दिली. जन्मतारीख विचारली की बायका सांगायच्या, "मंसिर महिन्यातली गं, धान झोडपत होते तेव्हाची." आमच्या नेपाळी पंचांगातली तारीख इंग्रजीत बसवत बसायला वेळ होता कोणाला? मी सरसकट एक जानेवारी ठोकून दिली. त्यामुळे अजूनही दर एक जानेवारीला अख्ख्या बेनीचा वाढदिवस असतो, आणि कतारपासून मलेशियापर्यंत पांगलेले नवरे न् मुलगे इमानेइतबारे शुभेच्छा पाठवतात.

शुक्रवार आमचा खरा. तिकडे आखातात सुट्टी, म्हणून इकडे पार नदीच्या पायऱ्यांपर्यंत रांग. पडद्यावर आपल्या माणसाशी बोलायला प्रत्येकाला दहा मिनिटं. नववं मिनिट भरलं की मी लोखंडी पट्टी टेबलावर आपटायचे. "चला, आवरा!" रडणारीचं रडणंही पट्टीला घाबरून थांबायचं. आज त्याची लाज वाटते, पण रांगेत ताटकळणारीही कोणाची तरी आईच होती. खोटं कशाला बोलू, त्या शुक्रवारांची मला फार आठवण येते.

हिमकला काकी नेहमी तीन नंबरच्या कॉम्प्युटरला बसायची. एकुलता एक मुलगा, पदम, दोह्यात क्रेन चालवायचा. नवरा आधीच वारलेला. पहिल्या दशैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, काकी झाकलेलं ताट घेऊन आली. मी दुसऱ्या कोणाचा तरी फॉर्म भरत होते. वळून बघते तो काय, तीन नंबरच्या काचेवर दही, तांदूळ आणि शेंदराचा मूठभर लगदा, दशमीला थोरांनी धाकट्यांच्या कपाळी लावायचा तो टीका! काचेपलीकडे पदम मान खाली घालून बसलेला, आणि काकी पुटपुटत आशीर्वाद देतेय. घटस्थापनेला पेरलेल्या जमऱ्याचे पिवळे कोंबही तिने वर खोचले होते.

"काकी! काच आहे ती, कपाळ नव्हे!" मी ओरडले.

"माझ्या बाजूने काच," काकी शांतपणे म्हणाली. "त्याच्या बाजूने कपाळच आहे की."

दही ओघळून कीबोर्डमध्ये गेलं. मी आठवडाभर अक्षरं पुसत होते आणि काकीला शिव्या घालत होते. पुढच्या वर्षी मात्र मीच आधी खाली फडकं अंथरलं. तिसऱ्या वर्षी ताटं घेऊन सात जणी आल्या. काकीने असे बारा दशैं काचेवर काढले. पदम मधे दोनदा येऊन गेला, पण दोन्ही वेळा दशैं हुकला.

या आषाढात तो आला तो कायमचा, असं सांगत आला. काकीने बाजारभर तांदळाच्या पिठाची गोड सेलरोटी वाटली. मीही म्हटलं, चला, एक काच तरी सुटली.

आणि परवाच्या सप्तमीला, फूलपातीच्या दिवशी, भर दुपारी काकी दारात उभी. मी वायरी गुंडाळत होते. दुसऱ्या दिवशी भंगारवाला यायचा होता.

"तीन नंबर चालू आहे का गं?"

"आहे. पण लावायचा कोणाला? पदम तर घरात आहे ना?"

"त्यालाच लाव."

मी हसले. काकी हसली नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत तिने सांगितलं की पदम उद्या सकाळच्या बसने निघतोय. नवमीचं विमान. जुन्या कंपनीने बोलावलंय.

"टीका न लावून घेता? दशमी तीन दिवसांवर आलीय!"

"तेच तर."

"मग घरी जाऊन सांगा ना, जाऊ नको म्हणून. दोनशे पावलांवर घर आहे तुमचं!"

"समोर बसून असलं बोलता येतं का?" काकी माझ्यावरच चिडली. "तीन महिने झाले. तो ओट्यावर, मी चुलीपाशी. तो म्हणतो, 'जेवलीस?' मी म्हणते, 'हो. तू?' पुढे काय बोलायचं ते त्यालाही ठाऊक नाही न् मलाही नाही. परवा म्हणाला, 'आमा, परत जाऊ का?' मी म्हटलं, 'तुझी मर्जी.' तोंडातून तेच निघालं बघ."

यांना बोलायला शिकवलं होतं ते याच खोलीत, दहा-दहा मिनिटांत. आणि त्या दहा मिनिटांत कोणी खरं बोलायचंच नाही. तिकडचा म्हणणार, ऊन फारसं नाही. इकडची म्हणणार, गुडघा आता बरा आहे. सगळं छान छान बोलून होईतो माझी पट्टी वाजायची.

"त्याने मोबाइल दिलाय ना तुम्हाला?"

"त्यात एवढासा दिसतो. इथे खरा दिसतो."

मी वायरी पुन्हा जोडल्या. तीन नंबर कुरकुरत सुरू झाला. काकीच्या खात्यावरून पदमला कॉल लावला. तो घरच्या ओट्यावर बसलेला दिसला, मागे त्यांची मक्याची कणसं टांगलेली.

"आमा? कुठे आहेस तू?"

"दुर्पताकडे." काकी खुर्चीत ताठ बसली, केस सारखे केले. "जेवलास?"

"आत्ता तूच नाही का वाढलंस?"

"हो, वाढलं की. ऊन आहे का तिकडे?"

"तुझ्याकडे आहे तेवढंच."

मग गुडघा झाला. म्हशीचं दूध झालं. शेजाऱ्याच्या छपराचा पत्रा झाला. मी घड्याळाकडे बघत होते. नऊ मिनिटं झाली. काकी बोलता बोलता थांबली आणि सवयीने माझ्याकडे वळली. पट्टी वाजायची वाट बघत होती बिचारी.

मला राहवलं नाही. पट्टी उचलली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. "काकी, आज रांग नाहीय! आता तरी बोला!"

काकीने काचेकडे बघितलं. हात पुढे करून त्याच्या कपाळाच्या जागी बोट टेकवलं.

"पदम, नको जाऊस रे," ती म्हणाली. "माझा गुडघा बरा नाहीय. कधीच नव्हता. बारा वर्षं तू फोन ठेवलास की मी त्या पायऱ्यांवर बसून रडायचे, आणि मग घरी जायचे. तू आलास तेव्हा वाटलं, आता बोलू. पण तू समोर आलास की मला लाज वाटते. तू एवढा मोठा कधी झालास ते मी पाहिलंच नाही ना."

काचेतला पदम ताडकन उठला. चित्र हललं, आकाश दिसलं, मग रस्ता, मग कोणाचे तरी पाय. काकी घाबरली. "बंद पडलं का गं?"

बंद पडलं नव्हतं. थोड्या वेळाने दारात धाप टाकत पदम उभा, हातात मोबाइल तसाच चालू. दोन यंत्रं जवळ आली आणि अशी कर्कश शिट्टी सुरू झाली की काकीने कान झाकले.

"बंद कर तो मेला मोबाइल! कान फोडतोस का?" मी ओरडले. तेवढं तरी मला जमतं.

शिट्टी थांबली. पदम आईच्या मागे उभा राहिला आणि काकी अजून काचेकडेच बघत होती. तिला वळवेना.

"मला वाटलं, तुला मी घरात नकोय," तो म्हणाला. "तुझी मर्जी म्हणालीस."

"तू विचारलंसच कशाला?"

तो तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला, डोकं पुढे केलं. "तिकीट काढलेलं आहे, आमा. कंपनीला शब्द दिलाय. आजच टीका लाव. लावतात लोक निघणाऱ्याला आधी."

मला वाटलं, आता काकी विरघळणार. तिचा हात वर उठलाही होता. पण तिने तो मांडीवर ठेवला.

"नाही," काकी म्हणाली, आणि आता ती वळून थेट त्याच्याकडे बघत होती. "बारा वर्षं काचेला लावला, पण एकदाही मुहूर्ताची साइत चुकवली नाही. दशमीला अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं. तेव्हा मी ताट घेऊन उभी राहीन. समोर कपाळ असलं तर कपाळाला. नसलं तर आहेच हा तीन नंबर."

पदम तसाच खाली बसून राहिला. मग उठून निघून गेला. काकीही गेली, गुडघा धरत.

भंगारवाला आला, तेव्हा मी चार कॉम्प्युटर दिले. तीन नंबर दिला नाही. तो कुरकुरला, मी त्याच्या वरताण कुरकुरले. अष्टमीची सकाळची बस गेली ती मी पाहिली नाही. मुद्दामच पाठ करून बसले होते, आणि कोणाला विचारायचा धीरही झाला नाही.

दशमीला घरची मंडळी टीका घेऊन माझी वाट बघत होती, आणि मी रिकाम्या खोलीत तीन नंबर चालू करून बसले होते. काच पुसली. खाली फडकं अंथरलं. साडेअकरा झाले. पायऱ्यांवर कोणाची पावलं वाजली की मी दाराकडे बघायचे. अकरा एक्कावन्न झाले. बारा झाले. साडेबारा झाले.

कोणीही आलं नाही. सोळा वर्षांत गिऱ्हाईक न आल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला. मी फडकं उचललं, त्यानेच डोळे पुसले आणि तीन नंबरचं बटण बंद केलं.