उसना रवंथ

जयवंत परब मास्तराने अकरा वर्षं फळ्यावर गाईचं पोट काढलं होतं. चार कप्प्यांना चार रंगांचे खडू, गवत कुठून कुठे जातं त्याचे बाण, सगळं कसं झोकात. बोरीवलीतल्या त्याच्या शाळेत हे चित्र बघायला शेजारच्या वर्गातली पोरंही डोकावायची. खऱ्या गाईला मात्र त्याने हात लावला होता तो फक्त नमस्कारापुरता, आणि तोही शेपटीकडून.

ती गाय म्हणजे घराजवळच्या देवळाबाहेर पिंपळाखाली उभी असणारी सखूबाईची तांबू. नवरा गेल्यापासून सखूबाई तांबूच्या जिवावर जगत होती. लोक तिच्याकडून गवताची पेंडी घेऊन तांबूला चारायचे, हात जोडायचे आणि पुण्य पदरात पाडून कामाला पळायचे. तांबू आहे तोवर सखूबाईची चूल पेटणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सर्वपित्री अमावास्येला जयवंतच्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. तुळशीदास परबांनी गिरणीत तीस वर्षं काढली आणि कोकणातल्या माणसासारखं पोटभर खाल्लं, पण शेवटच्या चार महिन्यांत त्यांच्या पोटात पेजेचं पाणीसुद्धा ठरेना. ताट समोर आलं की ते मान वळवायचे. ती वळलेली मान जयवंतच्या आईच्या, शेवंतीबाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हणून तिने पहाटे उठून सगळं त्यांच्या आवडीचं रांधलं: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात आणि तांदळाची खीर. गाईच्या मुखाने तेच जेवणार, तेव्हा तिच्यासाठी पान वाढलं तेही असं, की दोन माणसं जेवून उठतील.

मायलेक देवळापाशी पोहोचले तेव्हा सखूबाई तांबूचं दावं आवळून धरून होती.

"मास्तर, आज नगं. सकाळपास्नं लोकांनी निस्ता भात घातलाय. हिची कूस बगा की."

तांबूची डावी कूस खरंच तट्ट फुगली होती. फळ्यावर मोठा कप्पा तो डावीकडेच काढायचा, त्याला कळायला हवं होतं. पण मागे आई उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"तेंका उपाशी ठेव नको रे झिला," ती म्हणाली.

एक पान, कितीसं ते, असं मनाशी म्हणून जयवंतने सगळं पान तांबूपुढे ठेवलं. रडणाऱ्या म्हातारीपुढे सखूबाई तरी काय बोलणार? तिने दावं सैल सोडलं. तांबूने खीर चाटली, भात संपवला, शेवटी केळीचं पानही खाल्लं. आईचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा निवळलेला जयवंतने पाहिला, आणि त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काखोटीला जेवणाचा डबा मारून तो शाळेला निघाला, तर पिंपळाखाली गाय उभी नव्हती. तांबू बसली होती. मान पाठीवर टाकलेली, दात करकर वाजत होते. सखूबाई तिला टेकू देऊन बसली होती.

"काल दुपारपास्नं रवंथ न्हाई केला तिनं," ती एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर जयवंतला सोसलं असतं.

त्याने पहिल्यांदाच गाईच्या कुशीवर हात दाबला. आत नुसतं पाणी डुचमळत होतं. आणि त्याला आपलाच धडा आठवला. गवत गाय पचवत नाही. तिच्या पहिल्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात, ते पचवतात. गाय त्यांना पोसते आणि ते गाईला. एवढा भात एकदम पडल्यावर आत सगळं आंबलं असणार आणि त्या आंबटात ते जीव मेले असणार. हे सगळं तो दरवर्षी परीक्षेला विचारायचा, आणि काल स्वतःच नापास झाला होता.

गुरांचा डॉक्टर तिकडे गुरुवारी यायचा आणि आज होता मंगळवार. पोटातले जीव मेलेत, एवढं सखूबाईला सांगून जयवंत वाण्याकडे धावला, पाव किलो खाण्याचा सोडा घेऊन आला. सखूबाईने तो कोमट पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्याने तांबूच्या घशात ओतला.

"आंबट मोडंल यानं," ती म्हणाली, "पर आतलं मेलेलं जित्तं कसं व्हायचं? माझा बा दुसऱ्या जनावराचा रवंथ काढून द्यायचा."

"म्हणजे कसं?"

"चांगलं जनावर रवंथ कराया लागलं की त्याच्या तोंडातनं घास काढायचा न् हिला चारायचा. पर मी उठले आन् हिनं मान टाकली, तर संपलंच बगा."

जयवंत तिच्याकडे बघतच राहिला. जिवंत जीव आणायचे, दुसरं काय! अकरा वर्षं बाण काढले, पण एका पोटातून दुसऱ्या पोटात जाणारा बाण काही त्याला सुचला नव्हता. त्याने शाळेचा नाद सोडला आणि रिक्षाने दहिसरचा तबेला गाठला.

तबेल्याचा मालक रामनाथ त्याचं मागणं ऐकून आधी हसला, मग आपल्या म्हशीकडे बघून गंभीर झाला.

"आपण नाय काढणार हां, मास्तर. हिचं दूध विकून मी पोरं पोसतो. हिच्या तोंडात हात घातला तर मला पाप लागेल. तुम्हाला काढायचं तर काढा, मी डोकं धरतो."

"म्हशीचा गाईला चालेल ना?" जयवंतने विचारलं.

"मास्तर तुम्ही का मी?"

काळी, थोराड म्हैस डोळे मिटून स्वस्थ बसली होती. तिच्या मानेतून एक गोळा खालून वर सरकला. रामनाथने डोकं आवळलं, जयवंतने श्वास रोखला आणि हात घातला. खरखरीत जीभ, गरम लाळ, आणि मुठीत हिरवा ओला घोळ. म्हशीने असा हिसडा दिला की मास्तर शेणात बसला. हात मात्र त्याने वरच धरला होता. डब्यातली पोळीभाजी रामनाथच्या पोरांना देऊन त्यात तो घास ठेवला. असे चार घास काढले तेव्हा कोपरापर्यंत हात बरबटला होता आणि शर्टाची तर वाटच लागली होती. गरम राहावा म्हणून डबा छातीशी धरून तो परत रिक्षात बसला. रिक्षावाल्याने पूर्ण वेळ नाकाला रुमाल लावला.

सखूबाईने चारही घास कोमट पाण्यात कालवून तांबूला पाजले. दुपारी जयवंत पुन्हा तबेल्यात जाऊन आणखी घास घेऊन आला. संध्याकाळी तांबूने दात वाजवणं थांबवलं, पण गवताला तोंड लावलं नाही. घरी आईने विचारलं तेव्हा तो खोटं बोलला नाही. ती भांडी घासत राहिली. "मेल्यावरसुद्धा तेंका बाधला," एवढं तिचं पुटपुटणं त्याला ऐकू आलं, आणि त्याचं जेवणावरचं मनच उडालं.

सकाळी दोघं मिळून देवळापाशी गेली. आईच्या हातात ताज्या गवताची पेंडी होती.

तांबू उभी होती. सखूबाईने ओठांवर बोट ठेवून त्यांना लांबच थांबवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग तांबूच्या गळ्यात एक गोळा हलला, हळूहळू वर चढला आणि तिचा जबडा फिरू लागला, डावीकडून उजवीकडे, अगदी निवांत.

सखूबाई तिच्या मानेला मिठी मारून हमसून रडली. कालपासून तिने हे रडणं अडवून धरलं होतं.

शेवंतीबाईने पेंडी खाली ठेवली आणि हात जोडले. तांबू चावत होती आणि ती एकटक बघत होती.

"पचला रे झिला," ती म्हणाली. "तेंका पचला."