केसभर वाकडी

मी मिस्त्रींच्या दुकानातली विजेची करवत. आवाज जरा चढा आहे माझा, तेवढं सांभाळून घ्या.

मला कुठं जुळवलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लोखंडी मेजाच्या फटीतून माझं पातं पहिल्यांदा वर आलं आणि मिस्त्रींनी त्याला गुण्या लावून काटकोन तपासला. "सरळ आहे," म्हणाले, गुण्या खुंटीला अडकवला. त्यानंतर वीस वर्षं मला कधी लावला नाही. भरवसाच तेवढा. दारं, खिडक्या, पाळणे, काय काय कापलं आम्ही. जेवायला हाक मारली तरी ते हलायचे नाहीत, म्हणून मिस्त्रीणबाई मला सवत म्हणायच्या.

मग चौकटींचे सांधे उघडे पडायला लागले. आधी केसभर, पुढं नखभर. मिस्त्रींनी चष्मा बदलला, मग पुन्हा बदलला. शाळेसाठी केलेल्या खिडक्या बसत नाहीत म्हणून परत आल्या, त्या दिवशी त्यांनी भर दुपारीच माझं बटण बंद केलं. माझ्या पोटात भुसा गच्च बसला होता, हादऱ्यांनी नट ढिला झाला होता, पातं कललं होतं. मला कळत होतं, पण सांगणार कशी? घरघर सोडून मला काही येत नाही.

वयानं हात गेला माझा, पूर्वीची सफाई राहिली नाही, महिनाअखेर दुकानाला कुलूप, असं त्यांनी घरी सांगून टाकलं. आवडता रंधा शेजारच्या सुताराला देऊनही आले.

मिस्त्रीणबाई तेव्हा नातीसाठी ठोकळे घासत होत्या, मीच कापलेल्या तुकड्यांचे. घासून उभे ठेवले, तर सगळे तिरपे. महिन्यापूर्वीचे असोत की कालचे, कल अगदी तेवढाच.

पदरात ठोकळे घेऊन त्या दुकानात आल्या आणि माझ्या मेजावर रांगेनं मांडले.

"हात गेला असता तर रोज वेगळा चुकला असता. हे बघा, कवायतीला उभे राहिल्यासारखे वाकलेत. तुमच्या हाताला एवढी शिस्त कधी होती?"

मिस्त्रींनी खुंटीवरचा गुण्या काढून पात्याला लावला. गुण्या आणि पात्याच्या मधून उजेड दिसला. मग गुडघे धरत ते खाली बसले, माझ्या पोटातून घमेलंभर भुसा काढला, पातं सरळ करून नट आवळला.

"हिला कधी विचारलंच नाही गं मी."

"मला तरी कुठं विचारता," बाई म्हणाल्या.

एक फळी कापली. एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवला, कल उरला असता तर असा दुप्पट दिसला असता. सांध्यावरून मिस्त्रींनी नख फिरवलं, ते कुठंच अडलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडक्या नव्यानं कापायला घेतल्या.

आता दर सोमवारी ते मला तपासतात. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण कोणी विचारपूस केलेली बरी वाटते. तुम्हालाही विनवते, काम वाकडं जायला लागलं तर स्वतःला म्हातारं ठरवण्याआधी एकदा आमच्यासारख्यांच्या पोटाखाली वाकून बघा. अगदीच काही नाही, तर भुसा तरी निघेल.