भोंग्याची आई

माझ्या भाचीला आम्ही घरात भोंगा म्हणतो. पाळण्यात होती तेव्हापासून. ती रडायला लागली की खालचा घड्याळजी दुकानाचं दार लावून घ्यायचा. बोलायला लागली तेव्हा त्याने जागाच बदलली. हल्ली वर्तमानपत्रं तिला 'मौनाची कवयित्री' म्हणतात.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताईचं शिवणाचं दुकान आहे. कापणं आणि शिवणं तिच्याकडे. काज, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी गप्पा माझ्याकडे. भोंगा चार वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून तिला वाढवलं ते आम्ही दोघींनीच.

भोंगा स्वतः कविता लिहिते, स्वतः चाल लावते आणि गिटार घेऊन गाते. पहिली पाच वर्षं तिने चंद्र, पूल आणि बंद खिडक्या यांच्यावर गाणी केली. ऐकायला आम्ही दोघी असायचो, आणि माइक लावणारा, कारण त्याला जाता येत नसे. मग एके दिवशी तिने हे गाणं केलं:

सुई तुझी गं, दोरा तुझा गं,
ओठ तेवढे माझे, आई,
टाके मोजत मोठी झाले,
गाणे फुटलेच नाही.

झालं! महिनाभरात ते ज्याच्या त्याच्या फोनवर वाजू लागलं. बायका ऐकून रडायच्या, पुरुष बायकांना रडताना बघून गंभीर व्हायचे. मुलाखतीत कुणी तरी विचारलं, "तुमच्या आई काय करतात?" भोंगा भाबडेपणाने म्हणाली, "शिवणकाम."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात लोक येऊ लागले. नेहमीच्या नर्सबाईंनी थट्टेत विचारलं, "ओठांना अस्तर लावता की बिनअस्तराचे?" ती थट्टा होती, सोडून दिली. पण एक अनोळखी बाई हातात कापड न घेता आली आणि ताईच्या बोटांकडे बघत म्हणाली, "याच हातांनी ना?" ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला बोलता येईना. बाई बरोबरच्या मैत्रिणीला म्हणाली, "बघ, एक शब्द तरी तोंडातून निघतोय का!"

त्या दिवशी ताईने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी भोंगा जेवायला आली. ताईने तिला पोटभर वाढलं आणि मग विचारलं, "मी तुला कधी गप्प केलं?"

"आई, ती तू नाहीस गं. ती कवितेतली आई आहे."

"कवितेतल्या आईचं दुकान कुठे आहे? मग तिच्याकडे का नाही जात त्या बायका?"

भोंगा ताटातल्या भाताशी खेळत बसली. मग म्हणाली, "माझ्याबरोबर गातात त्या सगळ्यांकडे काही ना काही आहे. एकीचं घर तुटलं, एकाला देश सोडावा लागला. मला विचारतात, तुझं गाणं कुठून येतं? काय सांगू? सुखी बालपण? त्याला चाल लावून बघितली मी. जाहिरातीसारखी वाटते."

"म्हणजे तुला सुखात वाढवलं ही माझी चूक."

"तसं नाही गं."

"पुढच्या खेपेला सांग, सुधारेन."

गाणंबाईंच्या क्लासमध्ये भोंगा अकरा वर्षं शिकली, आणि त्या अकरा वर्षांत गाणंबाईंच्या अंगावर ताईने न शिवलेला एक कपडा चढला नाही. फीऐवजी शिवण, हा व्यवहार भोंग्याला पक्का माहीत होता. तिला खरंच लाज वाटली. म्हणाली, "पुढच्या शनिवारी दुपारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. तू ये. मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते."

गेलो. पुढच्या रांगेत बसलो. गाणं झालं, सभागृह मुसमुसत होतं. भोंग्याने गिटार खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या आईने मला कधीच गप्प केलं नाही. उलट तिनेच मला गाणं शिकायला घातलं."

मागून कुणी तरी हुंदका दिला. माझ्या शेजारची तरुणी डोळे पुसत म्हणाली, "अजून आईला पाठीशी घालतेय बिचारी!"

ताई उठली. ती सभेत कधी बोललेली नव्हती, पण खोट्या मापाने शिवलेला कपडा तिला बघवत नाही. ताडताड पायऱ्या चढून तिने माइक हातात घेतला. "ही पोरगी जन्मात गप्प बसलेली नाही," ती म्हणाली. "हिच्यामुळे घड्याळजी सोडून गेला. मी हिला अकरा वर्षं क्लासला घातलं. विचारा गाणंबाईंना."

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. निवेदिका म्हणाली, "मित्रहो, कबुली द्यायला शब्द सापडत नाहीत, तेव्हा एक अख्खी पिढी अशी बोलते." पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी वर येऊन ताईला मिठी मारली आणि तिला माफ केलं. ताई मिठीतूनच माझ्याकडे बघत होती: हे काय चाललंय?

आता माझं सांगते. एवढा वेळ मी गप्प होते, कारण चोर मीच होते.

ताई लहानपणी फार सुरेख गायची. आमच्या आईला ते खपत नसे. एका दुपारी तिने ताईच्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "तोंड बंद, हात चालू." ताई पुन्हा गायली नाही. दोन वर्षांपूर्वी काज करता करता ही गोष्ट मी भोंग्याला सांगितली होती. तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली होती.

घरी जाताना रिकाम्या बसमध्ये मी दोघींसमोर हे कबूल केलं. भोंग्याचा चेहरा पडला. "मला आठवतच नव्हतं, मावशी. मला वाटलं, मलाच सुचलं."

ताई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता दोघींनाही झापणार. पण ती म्हणाली, "गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. राग गाण्याचा नव्हता. माझं दुःख तू घेतलंस आणि मलाच त्यात दुष्ट केलंस, त्याचा होता."

भोंगा खरोखरच गप्प बसली. अख्खे तीन थांबे.

मग ताई म्हणाली, "आणि तिसऱ्या ओळीत चाल चुकली आहे. 'टाके मोजत'ला तू वर जातेस. तिथे माणूस वर जात नाही." आणि तिने हळूच ती ओळ खाली उतरवून गाऊन दाखवली. पन्नास वर्षांनी तो आवाज मी ऐकत होते. जरा खरखरीत झाला होता, पण सुराला पक्का. चालकाने आरशातून मागे पाहिलं.

त्या दिवसापासून भोंगा ती ओळ ताईच्या चालीवर गाते. गाण्याच्या वहीत तिने ताईचं नावही लिहून ठेवलंय, आणि विचारलं तर सांगते की हे माझ्या आईचं गाणं आहे. लोकांना वाटतं, आईविषयीचं. मागच्या आठवड्यात एका समीक्षकाने लिहिलं की नव्या चालीत कवयित्रीचा स्वतःचा भोगलेला अनुभव आता कुठे उतरू लागला आहे.

ताईने मला ते मोठ्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "माणूस शहाणा आहे. कपडे कुठे शिवतो, विचार."