फोटोपुरत्या चार मेणबत्त्या

चंद्रिकाबाईंना धीर म्हणून नव्हता. महिला मंडळाच्या अध्यक्षा झाल्यापासून तर त्यांनी ख्रिस्तजन्माची तारीखसुद्धा अलीकडे ओढली असती. दिवाळीचे आकाशकंदील उतरले नाहीत तोच यांनी गच्चीवर तारा टांगला, चर्चच्या कमानीला चकचकीत झालरी गुंडाळल्या, आणि वर सगळ्यांना ऐकवायच्या, "आगमनकाळ म्हणजे तयारी हो, तयारी!" तयारी कशाची, तर नव्या साडीची.

प्रियंकाला आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, शिकवला तो सासूने, शिवबाईंनी. प्रार्थना जास्त, बोलणं कमी, आणि दर रविवारी एकच नवी मेणबत्ती. नाताळाआधीची चौथी मेणबत्ती त्या वर्षी आई झालेल्या बाईने, लेकरू कडेवर घेऊन लावायची, ही त्यांच्या चर्चच्या मंडळीची रीत. लग्न झाल्यापासून प्रियंका मागच्या बाकावरून दुसऱ्यांच्या कडेवरची लेकरं बघत आली होती. यंदा तिच्या खांद्यावर तिची स्वतःची पोर पेंगत होती.

पहिल्याच रविवारी नगरसेवक पाहुणे आले. चंद्रिकाबाई पदर सावरत पुढे झाल्या.

"पाळकसाहेब, एकटी मेणबत्ती फोटोत भिकार दिसते. चारही लावू की!"

पाळकसाहेबांनी वेदीजवळ उभ्या उभ्याच बायबलची पानं उलटली. "बघा बाई, तुमचं तुम्ही." त्यांच्या पाठीला कणा होता, तो फक्त खुर्चीत टेकण्यापुरता.

चारही पेटल्या.

"काकू, चौथी माझी आहे," प्रियंका बाकावरूनच म्हणाली.

"अगं, तुझं नाव कोरलंय का तिच्यावर? तुला दुसरी देते की आणून. वासाची!"

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," शिवबाई पुटपुटल्या. मग सुनेला कोपर मारलं. "बसलीस काय गं? जा की!"

प्रियंका पोरीला खांद्यावर घट्ट धरून पुढे गेली. वाकून तिने चौथी फुंकली, मग तिसरी, मग दुसरी.

"अगं बाई, अपशकुन!" चंद्रिकाबाई किंचाळल्या.

"अपशकुन? काकू, चर्चमध्ये उभ्या आहात तुम्ही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी मोबाईल खिशात घातला. मंडळी कुणाकडे झुकली ते बघूनच पाळकसाहेबांना कंठ फुटला, "तर ही पहिली मेणबत्ती, आशेची."

प्रियंका बाकाशी परतली. शिवबाई सरकल्या.

"लेकरू दे हिकडं. चवथ्या रविवारी तुलाच कडेवर घ्यायचंय."