भयहर्त्यांच्या पेटीचा काटा

शिंप्याच्या दुकानावरच्या दालनात खुर्च्या संपल्या होत्या. माणसे खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. व्यासपीठावर भयहर्ते महाशय उभे होते. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो त्यांनी कधी कानाला लावल्याचे कुणी पाहिले नव्हते. समोर एक पेटी, तिला दोन पितळी दांडे आणि वर डोलणारा काटा.

"आघात म्हणजे मेंदूत अडकलेली लहर!" ते गरजले. "डॉक्टर ती उकरत बसतात. आम्ही ओढून काढतो. सात मिनिटांत!"

एका ट्रकचालकाने दोन्ही मुठींत दांडे धरले. "तो अपघात आठव," म्हणताच काटा ऐंशीवर. मग साहाय्यिकेने त्याच्या तळव्यांना 'शुद्धिचूर्ण' चोळले, महाशयांनी हवेत हात फिरवले आणि काटा शून्यावर आला. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या फिटरने टाळी वाजवली नाही. चाळीस वर्षे त्याने कारखान्यातली दाबमापके दुरुस्त केली होती. न तपासलेल्या काट्यावर विश्वास ठेवणे त्याच्या स्वभावातच नव्हते. शेजारी त्याची लेक होती. कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा ती दहा पावलांवर उभी होती. आता पाच महिन्यांनंतरही किटलीची शिटी वाजली की ती टेबलाखाली शिरे. मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई तिला तो प्रसंग पुन्हा पुन्हा, पायरीपायरीने सांगायला लावत. तिसऱ्या बैठकीनंतर ती रडत घरी आली, तेव्हा "रडवणारा कसला उपचार? बंद कर," असे फिटरच म्हणाला होता. तेच आता त्याला सलत होते.

"बाबा, माझा नंबर आला. हे म्हणतात, त्याबद्दल पुन्हा बोलायचंच नाही. किती बरं ना!"

"थांब. आधी मला यंत्र बघू दे."

तो वर चढला, महाशयांच्याच पाण्याच्या पेल्यात रुमालाचे एक टोक बुडवले आणि दोन्ही दांड्यांना टेकवले. काटा नव्वदवर.

"महाशय, माझ्या रुमालाला भलताच धक्का बसलेला दिसतोय! विचारा की, कुठं झाला अपघात?"

सभागृह खदखदले. त्याने कोरडे टोक टेकवले. शून्य.

"बघा, ठणठणीत बरा! घाबरलं की तळव्यांना घाम येतो, ओल्या हातांतून वीज जाते. पावडर चोळली की हात कोरडे. ही पेटी घाम मोजते."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही!" महाशय किंचाळले.

"रुमालाला होती वाटतं?" मग फिटर चालकाकडे वळला. "बाळा, किती वेळा आलास?"

"तिसरी खेप, काका."

"पुन्हा ट्रक चालवलास?"

चालकाने मान खाली घातली. "चावीलाही हात लावला नाही."

दुसऱ्या दिवशी फिटरने डॉक्टरीणबाईंनाही सोडले नाही. विचारले: "तुमचा काटा कोणता?"

त्यांनी प्रश्नावली पुढे ठेवली. झोप, दचकणे, आठवणी टाळणे. दर वेळी तेच प्रश्न. "हा उपचार घेणारे आणि दुसरा घेणारे किंवा उपचाराची वाट पाहत नुसते थांबलेले, यांची तुलना करून उपचार लागू पडतो का, ते आम्ही ठरवतो. सगळ्यांना गुण येत नाही. नाही आला, तर तेही लिहितो आणि मार्ग बदलतो. काही जण मध्येच सोडतात."

"हिला मी सोडायला लावलं," फिटर म्हणाला. "चूक माझी."

लेकीचा उपचार पुन्हा सुरू झाला. नवव्या आठवड्यात किटली शिटी वाजवू लागली. लेक जागची हलली नाही. मग पुढे होऊन तिने स्वतःच्या हाताने शेगडी बंद केली. तिचे तळवे घामाने ओले होते. भयहर्त्यांच्या पेटीने तिला खुशाल ऐंशी गुणांची रोगी ठरवले असते.

तेव्हा चमत्कार दाखवणाऱ्याला हात जोडण्याआधी एवढेच विचारावे: तुझा काटा नेमके काय मोजतो, आणि तो तुझ्याखेरीज कुणी तपासला आहे?