घाईची गाठ

एक होता मोठा, एक होता शेपट्या, आणि दोघांच्या मधे होते मी. मी दोरी बोलतेय. मोठा म्हणजे थोरला भाऊ. धाकटा सदा त्याच्या मागे मागे, म्हणून तो शेपट्या. त्यांचे बाबा ट्रकवर माल बांधायचे. त्यांनीच मला वळलं.

बाबांची एक खास गाठ होती. मालाचा भार पडला की ती आणखी आवळते, पण सुटं टोक ओढलं की सगळा माल मोकळा! माल उतरवताना वेळ जाऊ नये म्हणून मारायची, म्हणून ती घाईची गाठ. शेपट्या सुट्टीत बाबांबरोबर जाऊन ती शिकला. मोठ्याला बाबांच्या घामेजल्या सदऱ्याचीच लाज, तो कशाला जातोय!

त्या उन्हाळ्यात दोघं शिबिराला निघाले. आईने मला पिशवीत कोंबलं आणि मोठ्याला बजावलं, "एकाच तंबूत झोपा रे. त्याला अंधाराची भीती वाटते."

मोठ्याने मान डोलावली, आणि पोचल्या पोचल्या मोठ्या पोरांच्या तंबूत पथारी टाकली. शेपट्या मागोमाग गेला.

"अरे, इथे तरी पाठ सोड!" मोठा खेकसला आणि पोरांकडे वळला. "याला अंधारात सोबत लागते बरं का!"

पोरं फिदीफिदी हसली. घरातली गोष्ट, अशी चारचौघांत!

एवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पोरांच्या नादाने त्याने शेपट्याची वळकटी मलाच वापरून करकचून बांधली आणि झाडाला टांगली. ज्या हातांनी लहानपणी मला धरून झोके घेतले, त्याच हातांनी! शेपट्या झाडावर चढला, मला सोडवलं, नाक पुसलं. रडला मात्र नाही. मला गुंडाळताना त्याची बोटं अशी आवळली, की मी ओळखलं, आता मोठ्याची खैर नाही. मला तर गुदगुल्याच झाल्या.

मग आली तराफ्यांची शर्यत. चार पिंपं, वर फळ्या. शिबिरातली सुतळी कुजकी निघाली, तसा मोठा लाडीगोडी लावत आला. "बाबांची दोरी दे ना, शहाण्या."

"देतो. पण बांधणार मी."

"बांध बाबा, बांध!"

मोठ्याने गाठ हिसडून पाहिली, तीही भाराच्या बाजूने. ती आणखी आवळली. "बघा रे, आमच्या बाबांची गाठ! हत्ती लावलात तरी सुटायची नाही."

आता बरे आठवले बाबा!

वळणाच्या खांबाशी धाकट्या पोरांना कमरेएवढ्या पाण्यात झेंडे धरून उभं केलं होतं, त्यांत शेपट्याही. मोठ्याचा तराफा सगळ्यांच्या पुढे. माझं सुटं टोक तरंगत शेपट्याच्या हाताशी आलं. त्याचा हात थबकला. मी आतून ओरडले, "ओढ रे! कसली दया?"

त्याने ओढलं.

पिंपं चार दिशांना! मोठा चिखलात बसकण मारून, तोंडात शेवाळ. सगळ्यात जोरात खिदळले ते त्याचेच मित्र. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

सर ओरडले, "कुणी बांधलं हे?"

मोठ्याने शेपट्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. "मीच, सर."

शेपट्याला मार चालला असता, मोठ्याने असं वाचवलेलं नको होतं. परतताना दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. पुढे कितीतरी वर्षं एका घरात पाहुण्यासारखे राहिले. "मीठ दे." "घे." बस्स. मी खिळ्यावर लटकत होते, पण माझा राग निवला नव्हता. तो पडला खरा, पण माफी कुठे मागितली?

मग बाबांचे गुडघे गेले आणि दोघं भाऊ त्यांच्याच माल बांधायच्या कामाला लागले. एके सकाळी दारात घरचा स्वतःचा ट्रक उभा राहिला. पहिला माल चढला. मोठ्याने मला खिळ्यावरून काढलं, एक टोक शेपट्याकडे फेकलं.

"घाईची गाठ मारू नकोस हं, शेपट्या."

शेपट्या टोक धरून तसाच उभा. "आधी बोल."

मोठ्याने मान खाली घातली. "वळकटी टांगायला नको होती रे. आणि ते अंधाराचं तर मुळीच सांगायला नको होतं."

"शेवाळ कसं लागलं?"

"आईच्या भाजीपेक्षा बरं!"

खुर्चीतून बाबा विचारताहेत, "कसलं शेवाळ रे?" आणि दोघांना हसू आवरेना.

आता मी झिजलेय, पण त्या ट्रकवर पहिला मान माझाच. घरात दोघं एका ताटात जेवतात. माझं सुटं टोक मात्र अजून बाहेरच लोंबतं. लक्षात ठेव, मोठ्या!