भाईदास मास्तरांचं जर्मन

गाव हिंदी मुलखाच्या राज्यात गेलं तसे बुधवाऱ्यातल्या शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून हिंदीत गेले आणि भाईदास मास्तरांकडे उरला नुसता खणखणीत आवाज. गावच्या कापडगिरणीत जर्मन यंत्रं आली त्या साली त्यांनी रद्दीतून एक जर्मन प्रवेशिका पैदा केली. मागची पानं वाळवीनं खाल्लेली. हाती लागले ते फक्त उच्चारांचे धडे. ते मास्तरांनी घोकले. डब्ल्यूचा व, व्हीचा फ, झेडचा त्स. ई-आय आलं की आय, आय-ई आलं की ई. शब्दाच्या तोंडी एस-टी असेल तर श्ट. महिन्याभरात मास्तर कुठलंही जर्मन चिठोरं न अडखळता वाचू लागले.

अर्थ? तो कोणी विचारला नाही, मास्तरांनी सांगितला नाही. पोथी ऐकणारे तरी कुठे अर्थ विचारतात? वाचणाऱ्याचा दम तुटला नाही म्हणजे पुण्य पदरात पडलं.

गिरणीनं लोधीपुऱ्यातल्या वसंताला शिकायला जर्मनीत रॉयटलिंगनला धाडलं, तेव्हा त्याच्या जिभेला वळण लावलं ते मास्तरांनी. त्याची विधवा आई, मनकर्णाबाई, तेव्हापासून त्यांना दारातून रिकामं जाऊ देत नसे. मास्तरही जात नसत.

वसंताची पत्रं मराठीत यायची. माघात मात्र एक टंकलेलं, शिक्क्याचं पत्र आलं, सगळं जर्मनमध्ये. मनकर्णाबाईनं मास्तरांना पाटावर बसवलं, समोर समई लावली. आळीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकल्या. मास्तरांनी वाचलं. असं वाचलं की दोघीतिघींनी मध्येच हात जोडले. वसंताचं नाव सुरुवातीला दोनदा आलं, पुढे आलंच नाही.

"बरा हाये ना पोरगा?" मनकर्णाबाईनं विचारलं.

मास्तरांनी तोलून पाहिलं. एका पारड्यात तीस वर्षांची मास्तरकी, दुसऱ्यात एवढंच वाक्य, की बाई, मला यातलं काही कळत नाही. वाक्य हलकं होतं, पण उचलेना.

"बरा आहे," ते म्हणाले. "साहेब लोक खूश आहेत त्याच्यावर."

त्या शब्दावर मनकर्णाबाईनं जसोंडी गावच्या विमलला वसंतासाठी मागणीचा नारळ दिला. सोयरीक ठरली.

तीन आठवड्यांनी गिरणीच्या मुंबई कचेरीचं पत्र आलं, हिंदीतलं, कारकुनालाही कळणारं. वसंत तिथल्या दवाखान्यात न्यूमोनियानं गेला होता. देहाचं काय करायचं, तुमच्यात जाळतात की पुरतात, असं तिथल्यांनी आईला जर्मनमध्ये लिहून विचारलं होतं. चौदा दिवस वाट पाहिली. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांच्या रीतीनं पुरलं.

लोधीपुऱ्यानं मास्तरांना शिव्या दिल्या नाहीत. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो, तेवढीही सवलत कोणी दिली नाही. ते घराबाहेर पडेनासे झाले.

आठव्या दिवशी मनकर्णाबाईचा पुतण्या बोलवायला आला. तापीच्या घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला होता. देह हाती नसला की तोच जाळतात. मनकर्णाबाई पायरीवर बसलेली. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले.

"मनकर्णाबाई, मला तेव्हा..."

"ते मंग," ती म्हणाली. "आधी गाव सांगा. भटजी संकल्पात कुठं मेला ते इचारतात, अन् कोनाच्या तोंडी ते बसत नाही. एक रूटलिंग म्हनतो, एक रेटलिंग. पोरगं त्याच गावात पडेल हाये. चुकीच्या गावाले हाक मारली तर तो येईल कसा?"



"रॉयटलिंगन," मास्तर म्हणाले. ई-यूचा ऑय अगदी पुस्तकात होता तसा.

भटजी म्हणाले, "राटलिंगन."

"परत सांगा त्याहिले," मनकर्णाबाई म्हणाली.

मास्तरांनी परत सांगितलं. मग आणखी एकदा. दर वेळी उच्चार स्वच्छ येत होता, आणि दर वेळी ती मास्तरांच्या तोंडाकडेच पाहत होती. पाचव्या खेपेला भटजींना जमलं. मग तिनं मान हलवली आणि पुतण्यानं पानांना काडी लावली.